उंचवट्यावरचे दगड

संकेत, दार लोटून घे. विकी, आत सरक. आमच्या शत्रुघ्नचं सांगतो. माझा बालमित्र. आगाशीच्या अलीकडे, खाडीला लागून त्याचं शेत.

नव्याण्णव साल. केळी लावायला त्याने शेतातला उंचवटा खणायला घेतला. मातीतून दगड निघाले. लालसर, एका कडेला पात्यासारखी धार. आमच्या शाळेतल्या फ्रेडरिक मास्तरांनी ते उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, "माणसाच्या हातची हत्यारं आहेत ही. लोखंड यायच्या कितीतरी आधीची."

त्यातला तळहातात नीट बसणारा एक दगड शत्रुघ्नने घरी आणला. त्याच्या बायकोला, धोंडूबाईला, ते पटलं नाही.

"कोनाचं तरी हाय हे. जिथलं तिथं ठेवून या."

"ज्याचं होतं तो कधीच गेला," हा म्हणाला.

पौषातली अमावास्या. शेतावर पाण्याची मोटर चालू राहिली होती, ती बंद करायला हा जेवून निघाला. बायकोची कटकट नको म्हणून परत ठेवायला दगडही घेतला खिशात.

मोटर बंद केली. पाणी थांबलं. मग ऐकू आलं...

टक्.

दगडावर दगड.

टक्... टक्...

उंचवट्याकडून. याने बॅटरी मारली. कोणी नाही.

"कोन हाय?"

आवाज थांबला.

याने दगड बांधावर ठेवला. वळला. चालू लागला.

मागून कोणीतरी हात धरला.

आखूड बोटं. खरखरीत. त्यांनी याचा तळहात उघडला. दगड आत ठेवला. मूठ मिटवली. हळूच... शिकवताना धरतात तशी.

त्यापुढचं... त्यापुढचं त्याला आठवत नाही. एवढंही त्याने मला पुष्कळ महिन्यांनी सांगितलं.

पहाटे धोंडूबाई माझ्या दारात आली. "हे घरी आले न्हाईत." आम्ही दोघं शेतावर गेलो. उंचवट्यावर शत्रुघ्न उकिडवा बसलेला. हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले. अंगावर ओरखडाही नाही. उजव्या मुठीत तोच दगड, हात पुढे-मागे, पुढे-मागे. मी दंड धरला तेव्हा थांबला. माझ्याकडे पाहिलं. धोंडूबाईकडे पाहिलं.

ओळखलं नाही.

त्याच्यासमोर, खुंट्या ठोकून ताणलेलं, एक कातडं. ओलं. आतून स्वच्छ खरवडलेलं. मांस नाही, हाडं नाहीत. गावातलं एकही जनावर कमी नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वीतभर लांब केस चाचपले. कातडं उलटलं. परत सुलटं केलं.

"कशाचं आहे?" मी विचारलं.

ते बराच वेळ हात धूत राहिले...

"असलं जनावरच नाही."