ऑर्विलचा पुकारा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पटवून द्यायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. पण हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

नेब्रास्का. कॉलबर्न काउंटीचं कोर्ट. फेब्रुवारीतली बर्फाची संध्याकाळ.

मी तिथला बेलिफ, क्लाइड. आमची काउंटी नदीनं मधोमध चिरलेली. कोर्ट कोणत्या काठाला असावं यावरून आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली होती. पलीकडचे हरले. तेव्हापासून हेलपाटे त्यांच्याच नशिबी.

त्या दिवशी अल्माची केस होती. हद्दीच्या नदीनं पात्र बदललं, तसा शेजाऱ्यानं तिच्या कुरणावर हक्क सांगितला. जुनं पात्र डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस जिवंत होता. पलीकडचा ऑर्विल स्टॅक.

आणि अंधारायला लागलं तरी तो आला नव्हता.

"येईल तो," अल्मा म्हणाली. "शब्द दिलाय त्यानं."

"या बर्फात?" मी म्हणालो. "म्हातारा स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा आला होता."

"आला होता ना पण?"

जज्जबाईंनी चष्मा काढला. "पुकारा करा, क्लाइड. नाही आला तर कुरण गेलं तिचं. मी तरी काय करणार?"

आमच्याकडे पुकारा बाहेरच्या पायऱ्यांवरून करतात. तीनदा.

"ऑर्विल स्टॅक, हजर आहे का?"

नुसता वारा.

"ऑर्विल स्टॅक, हजर आहे का?"

चौकात एक गाडी नव्हती. बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं.

तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि...

"आलो रे, आलो. ओरडतोस कशाला?"

आवाज माझ्या मागून आला. कोर्टाच्या आतून.

जिन्यावर बूट वाजले. पाणी भरलेले, जड. पचक... पचक... मी मागोमाग वर धावलो. वरचं दार उघडलं. सगळ्यांनी माना वळवल्या.

दारात कोणीच नव्हतं.

पावलं बाकांमधून चालत गेली. साक्षीदाराची खुर्ची करकरली. जमिनीवर ओल्या खुणा होत्या, आणि नदीच्या गाळाचा वास...

"ऑर्विल?" अल्मा हळूच म्हणाली.

तेवढ्यात शेरीफचा माणूस आत आला. ऑर्विलचा ट्रक सकाळीच पुलावरून नदीत गेला होता. आत्ता बाहेर काढला. ऑर्विल आतच होता, मेलेला.

जज्जबाई पांढऱ्याफटक पडल्या. कसंबसं "तहकूब" म्हणाल्या आणि मागच्या दारानं निघून गेल्या. पुढच्या तारखेला साक्षीअभावी अल्माचं कुरण गेलं. मला फार वाईट वाटलं.

पण एक गोष्ट राहूनच गेली.

पुकारा होऊन आलेल्या साक्षीदाराला जज्जनं "तुम्ही जाऊ शकता" म्हटल्याशिवाय कोर्ट सोडता येत नाही. तसा कायदाच आहे. ऑर्विलला ते कोणी म्हटलंच नाही.

मी बाईंना विनवलं, "एवढे तीन शब्द बोला."

"रिकाम्या खुर्चीशी? लोक वेड्यात काढतील मला. घरी जा, क्लाइड, झोप काढा."

आजही कोणाचाही पुकारा केला, तरी आधी तोच ओ देतो. दमलेल्या आवाजात. मग जिना... मग खुर्ची.

एकदा कोर्ट रिकामं असताना मीच म्हणालो, "ऑर्विल, जा आता. हरली रे ती."

खुर्ची करकरली. मग खुर्चीतून आवाज आला...

"जज्जबाई कुठायत? मी अजून काही सांगितलंच नाही."

उद्या सकाळी परत पुकारा आहे.