पौर्णिमेला खोटं बोलायचं नाही

“सुगत, तुझ्या मनात... कोण आहे?”

प्रश्न माझा नाही हं! माझ्या मैत्रिणींनी, सृष्टी आणि सिद्धेश्वरीनं, पैज लावलेली. सुगत शिवशरण आमच्या गणिताच्या क्लासमधला. आज बुद्धपौर्णिमा, म्हणून त्यानं पहाटेच अष्टशील, म्हणजे दिवसभर पाळायचे आठ नियम, घेतलेले. “आज त्याला खोटं बोलायचं नाही म्हणे,” सृष्टी म्हणाली, “आजच विचार, सापडतोय की!”

म्हणून मे महिन्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात मी पांढरा ड्रेस घालून विहारात हजर! सुगत भल्यामोठ्या पातेल्यात खीर ढवळत होता. प्रश्न ऐकला, अन् डाव हातातच थांबला.

“खीर लागेल खाली,” मी म्हटलं.

“लागू दे... आधी वंदना होऊ दे, दानेश्वरी. मग सांगतो.”

मी मागं जाऊन बसले. मेणबत्त्या, मोगरा, पांढऱ्या साड्यांची रांग. भंते म्हणत, त्यांच्यामागून सगळे म्हणत, मीही जोरात म्हटलं, “मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि.”

शेजारी सुगतची आई होती. ती हसली. “पोरी, काय म्हणालीस कळलं का? खोटं बोलणार नाही म्हणालीस तू.”

बाप रे! म्हणजे मीपण सापडले की!

वंदना झाल्यावर त्यानं मला खिरीचा द्रोण दिला.

“तू नाही खात?”

“अष्टशील आहे. दुपारनंतर जेवण नाही.” मग हळूच, “आहे एक जण. गणित चुकलं की पेनाचं टोपण चावते...”

माझा हात आपोआप ओठांकडं गेला. टोपणं! माझी सगळीच्या सगळी चावलेली!

“आता तू सांग,” तो म्हणाला, “घरी काय सांगून आलीस?”

“अरे, घरी ना...” पुढचं येईचना. “क्लासला जाते म्हणून.”

त्याचं हसू विझलं. “आमच्याकडं यायला खोटं बोलावं लागलं तुला?”

तसं काही नाही, असं म्हणणार होते... पण तसंच होतं.

“भीती वाटली. अप्पा काय म्हणतील याची.”

मग त्यानं एक डबा भरला, झाकण घट्ट लावलं.

“खरं बोललीस, बास की. हे घरी ने. कुठून आणलं, ते मात्र तू ठरव.”

घरी अप्पा पेपर वाचत होते. आईनं, आमच्या अव्वानं, काही न विचारताच डबा उघडला, बोटानं खीर चाखली. “वेलदोडा लई झकास पडलाय गं. कुणाकडची?”

पहिला शब्द बाहेर पडला, आणि इतकं हलकं, इतकं हलकं वाटलं!

“सुगत शिवशरणच्या घरची. अप्पा, मी आज क्लासला गेलेच नाही, विहारात होते. तो मला आवडतो. आणि पुढच्या बुद्धपौर्णिमेलाही मी जाणार आहे... तुम्हाला सांगून.”