पंपाचा दुभाष्या

"पंप शाबूत, दुसरा संगणकही शाबूत. मग दोघांना बोलतं कसं करायचं?" शाल्मली येरझारा घालत होती.

मालवणच्या समुद्रातल्या तरंगत्या केंद्रात तिची वृंदाआत्या प्रवाळ वाढवायची. आज गार पाण्याच्या जुन्या पंपाचा नियंत्रक बंद पडला होता. पंपाला बटण नव्हतं. तो फक्त सिरियल तारेवरून (एकामागून एक खुणा नेणाऱ्या तारेवरून) आलेला हुकूम ऐकायचा. शाल्मलीने घाईघाईत तळहाताएवढा संगणक थेट त्याला जोडला होता आणि चटकन करपल्याचा वास आला होता. तो संगणक जळाला, आता एकच उरला होता. टाकीतलं पाणी तापत होतं, प्रवाळांचे शेंडे फिकट पडत होते.

"दोघांची लिपी एकच, बिटांची (शून्य आणि एक या खुणांची)," आत्या म्हणाली. "पण संगणकाचा 'एक' म्हणजे जेमतेम तीन व्होल्ट (विजेचा दाब). पंपाचा 'एक' उणे बारा आणि 'शून्य' अधिक बारा! इवल्याशा जिवाला सोसेल का ते?"

"म्हणजे मध्ये दुभाष्या हवा!"

"मग काढ त्याचा आराखडा."

शाल्मलीने दाब बदलणारी चिप मधोमध काढली. एकीकडे संगणक, दुसरीकडे पंप. बोलणारी तार तिने बोलणाऱ्या तारेला जोडली.

"दोघंही बोलत राहिले, तर ऐकणार कोण?" आत्याने विचारलं.

जीभ चावून शाल्मलीने तारांची अदलाबदल केली. आत्याने तिसरी तार सुचवली, ग्राउंडची (दाब जिथून मोजायचा ती दोघांची समान पातळी). केंद्रातल्या छपाईयंत्राने सर्किटची पट्टी छापून दिली. शाल्मलीने ती दोघांच्या मध्ये जोडली.

काही करपलं नाही. पण संगणकाच्या पडद्यावर नुसती अगम्य अक्षरं उमटली!

शाल्मली टाकीपर्यंत गेली, परत आली आणि थबकली.

"अक्षरं येताहेत, म्हणजे दाब जुळला, ताराही जुळल्या. आत्या, वेग! पंप सावकाश बोलतोय, आपण भराभर ऐकतोय. त्याचा एकच बिट आपण पुनःपुन्हा मोजतोय!"

तिने बॉड-दर (सेकंदाला किती खुणा, तो वेग) कमी केला.

पडद्यावर शब्द आला: 'तयार'. तिने हुकूम धाडला. पंप खाकरला, घरघरला, आणि गार पाणी टाकीत कोसळू लागलं.

तापमानाचा आकडा उतरेपर्यंत दोघींपैकी कुणीही खाली बसलं नाही.

"आत्या, बाहेरचं लाटा मोजणारं यंत्र मुकं झालंय ना? ते कसं बोलतं?"

"या पंपासारखंच."

शाल्मली तोवर लाइफ जॅकेट चढवत होती.