मानमोडीवरची हिरवी लस

"थांबा! एक पाऊलही पुढे टाकू नका!"

काचघराच्या दारात तो जागच्या जागी थिजला. हातात रक्ताच्या नमुन्यांची पेटी, बुटांना भुसा चिकटलेला. प्रयोगशाळेचं दार सोडून चुकीच्या दारानं आत शिरला होता.

"चोर नाही हो मी... पशुवैद्य आहे."

"मग तर जास्तच धोका! कोंबड्यांच्या शेडमधून थेट माझ्या रोपांत?"

त्यानं निमूटपणे बूट काढले. मोज्यातून अंगठा डोकावत होता. माझी नजर तिकडे गेली आणि तो कानापर्यंत लाल झाला.

नंतर तो योग्य दारानं येऊ लागला – नमुने नसले तरीही! मी तंबाखूच्या जातीची रोपं वाढवत होते. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाच्या विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा त्यांच्या पानांत तयार व्हायचा. तो वेगळा काढून आम्ही लस बनवत होतो.

"झाडाच्या पानानं कोंबडी वाचणार... लोक वेड्यात काढतील तुम्हाला."

"आणि तुम्ही?"

"मी कुणाला काढणार? माझंच डोकं हल्ली ठिकाणावर नसतं." एवढं बोलून तो उगाचच पानं निरखत बसला.

एकदा मात्र आला तो पानांकडे न बघताच खाली बसला. म्हणाला, "आज अख्खी शेड संपवावी लागली. रोग पसरला होता, इलाज नव्हता. मालकीणबाई नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या."

मी ते हात हातात घेतले. साबणानं घासून घासून सोलवटले होते.

लस तयार झाली. बंदिस्त शेडमध्ये कोंबड्यांना टोचली आणि मग रोगाशी गाठ घालून दिली. चाचणी त्याच्याकडे होती. मी फोनची वाट बघत राहिले... फोन आलाच नाही. एका दुपारी तोच आला, पावसात भिजून. त्याचा चेहरा बघूनच मी हातातली झारी खाली ठेवली.

"निम्म्याहून जास्त गेल्या," तो म्हणाला.

"फोन करायचा ना..."

"केला असता. पण तू एकटी होतीस."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मला रडू फुटलं – लसीचं की त्या शब्दाचं, कोण जाणे.

"ऐक. ज्या वाचल्यात त्यांच्या रक्तात प्रतिकारशक्ती आहे, चांगली आहे. मात्रा कमी पडली आपली."

"पुन्हा पहिल्यापासून करायचं?"

"करू. फक्त... यापुढची बातमी, बरी असो की वाईट, आपण दोघांनी एकत्र ऐकायची. कायमची."

मी डोळे पुसले. "ही मागणी आहे का?"

"छे! एवढ्या कोंबड्या गेल्या त्या दिवशी कुणी मागणी घालतं का?" त्यानं ओल्या बाहीनं चेहरा पुसला. "उद्या घालीन. आज एवढंच विचारतो... उद्या असशील ना घरी?"

"असेन," मी म्हणाले. "आईबाबाही असतील."