शिक्षिकेच्या मुलांसाठी राखीव

ऑगस्ट महिन्यात बहरीनमधल्या मनाम्यात चष्मा लावणाऱ्या माणसाने घाईने दाराबाहेर पडू नये. एसीचा गारठा अंगावर घेऊन दमट उन्हात पाऊल टाकलं की काचांवर वाफ धरते आणि क्षणभर जग नाहीसं होतं. त्या शुक्रवारी दुपारी सागरतीर मराठी मंडळाच्या पायरीवर मी अशीच आंधळी होऊन उभी होते. घाई केली होती, कारण आत आणखी थोडा वेळ थांबले असते तर बोलू नये ते बोलून गेले असते.

तेवढ्यात कुणाचा तरी खांदा माझ्या खांद्याला लागला.

"माफ करा... आत्ताच गाडीतून उतरलो. काही दिसत नाहीये."

"मलाही नाही."

"चष्मा?"

"चष्मा."

"मग पुसू नका. पुसला की पुन्हा धरतो. नुसतं उभं राहायचं."

आम्ही नुसते उभे राहिलो. न पाहिलेल्या माणसाशेजारी इतकी निर्धास्त मी आजवर कधी उभी राहिले नव्हते. त्याच्या सदऱ्याला अत्तराचा वास होता, आणि त्याखाली कांद्याच्या गोणीचा. मग काचा कडेकडेने निवळू लागल्या. आधी एक कान दिसला, मग भिजल्यासारखे विंचरलेले केस, मग डोळे... तेही नुकतेच मला पाहायला लागले होते.

"डॅडी, व्हाय आर वी स्टँडिंग हिअर?" त्यांच्या गुडघ्याशी एक चिमुरडी होती.

"बालवर्गाच्या मुलाखती संपल्या का?" त्यांनी विचारलं. "ही लाईबा परकार, मी तिचा बाप, नजीब. सकाळपासून बसलो होतो. जुम्म्याची वेळ झाली म्हणून मशिदीत गेलो."

लाईबा परकार. हे नाव पुकारलं गेलं तेव्हा मी आतच होते. दोनदा पुकारलं, आणि मंडळाचे अध्यक्ष महादेवराव यांनी त्यावर रेघ मारली. "आज जुम्मा आहे," असं मी म्हटलं. "अहो, म्हणूनच तर शुक्रवार ठेवला. सगळ्यांना सुट्टी!" ते प्रसन्नपणे म्हणाले. "आणि तुम्ही तर आलात की!" बायकांना जुम्म्याला जावं लागत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुळात काही ठाऊक असण्याची गरज त्यांना कधी भासलीच नव्हती. ओळख झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला दाद दिली होती, "नुसरतबाई, तुमचं मराठी किती शुद्ध हो!" रत्नागिरीच्या कॉलेजात मी मराठीच शिकवत होते. चोराच्या खिशात स्वतःचं घड्याळ सापडावं, तसं आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

कॉलेजातली नोकरी कायम झाली नाही, लग्नही झालं नव्हतं, म्हणून मी भावाकडे बहरीनला आले. अरादच्या त्याच्या फ्लॅटमध्ये मला एक खोली होती आणि खिडकीतून किल्ल्याची भिंत दिसायची. सकाळी एका इंग्रजी शाळेत ग्रंथपालाचं काम करायचं आणि संध्याकाळी किल्ला बघायचा. अशात मंडळाने मराठी बालवर्ग काढायचं ठरवलं आणि मला शिक्षिका नेमलं, म्हणून ते काम मी सोडलं. या वर्गात दिवसभर मराठीच चालणार होतं. खेळ, भांडण, रडणं सगळं मराठीत, आणि पाणी मागायचं तेही मराठीत. जागा फक्त वीस, आणि मुलं तिपटीहून जास्त.

"संपल्या," मी नजीब परकारांना म्हटलं. "पण पुढच्या गुरुवारी पालकांची सभा आहे. या. आणि कृपा करून गप्प बसू नका."

"तुम्ही बसणार आहात का गप्प?"

"मी पगारी आहे. मी फक्त प्रश्न विचारीन."

ते हसले. दमट हवेत हसू सुद्धा जरा जास्त वेळ टिकतं की काय, कोण जाणे.

सभा भरली तेव्हा महादेवरावांनी सुरुवात केली. "मुलाखत हीच सर्वांत न्याय्य पद्धत. ज्याचं मराठी चांगलं, त्याला जागा."

"मग मी शिकवू काय?" मी विचारलं.

"तुम्ही ते अधिक चांगलं कराल."

"हा नियम इस्पितळांनी उचलला तर वॉर्ड फार स्वच्छ राहतील."

जनाबियाच्या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यातले एक गृहस्थ उठले. "आम्ही मंडळ स्थापन झाल्यापासून वर्गणी भरतोय. आधी सभासदांची मुलं, मग बाकीचे. यात अन्याय कसला?"

"बाकीचे म्हणजे कोण हो?" वसईची एडना नर्सच्या गणवेशातच आली होती. "शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये आमची मिस्सा, दुपारी यांचा जुम्मा. तुम्ही मुलाखत घेतली कुणाची, रिकाम्या खुर्च्यांची?"

मागून कुणी तरी म्हणालं, "मोठं भावंड असेल त्याला आधी घ्या." दुसऱ्याने विचारलं, "एकुलत्या एकाने काय पाप केलं?" न्याय हा शब्द त्या संध्याकाळी इतका वापरला गेला की मला त्याची दया आली. प्रत्येकाने तो स्वतःच्या मुलाच्या मापाने शिवून आणला होता.

मग नजीब उठले. "साहेब, माझ्या मुलीला मराठी येत नाही. येत असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता. तिची आई गेली. मी दिवसभर बंदरावर, जहाजांना भाजीपाला पोचवतो. सांभाळणाऱ्या बाई सिलोनच्या. दाभोळला माझी आई फोन कानाला लावून बसते, नात इंग्रजीत बोलते, आणि दोघी रडतात. इथे जागा मिळाली नाही तर मला पोरीला आईकडेच ठेवावं लागेल. म्हणून म्हणतो, चिठ्ठ्या टाका. नशिबाकडून हरेन. तुमच्याकडून हरायची इच्छा नाही."

मतं घेतली गेली आणि चिठ्ठ्यांची बाजू थोडक्यात जिंकली. महादेवराव हसत म्हणाले, "मान्य. मात्र एक अपवाद. शिक्षिकेची स्वतःची मुलं चिठ्ठीशिवाय घ्यायची, सगळीकडे तशी रीत आहे. नुसरतबाईंचा आक्षेप नसावा. त्यांना तो लागू होण्याचा संभव दिसत नाही."

चांगलाच हशा पिकला. मी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. पुन्हा लावला तेव्हा तिसऱ्या रांगेतला एकच माणूस हसत नव्हता.

त्या दिवसापासून तो माणूस मला अरादपर्यंत सोडू लागला. भावाने परवानगी दिली, कारण मागच्या सीटवर लाईबा असे. मी वर्ग सजवायला मंडळात जाई, परतीच्या वेळी गाडी दाराशी उभी असे. मुहर्रकच्या पुलावर दोन्ही बाजूंना काळंभोर पाणी, आणि शेजारून अधूनमधून त्यांची नजर... मी समुद्र पाहत असल्यासारखं करायची.

"एक विचारू?" एकदा मी म्हटलं. "आपल्यातले सगळे मला आपा म्हणतात. तुम्ही काहीच म्हणत नाही."

"शोधतोय."

"काय?"

"दुसरं काही तरी. एकदा आपा म्हटलं की बहीण झालात. मग... परत फिरता येत नाही."

मागून आवाज आला, "डॅडी, यू मिस्ड द टर्न."

"बघितलंत?" ते म्हणाले. "आधीच रस्ता चुकलोय."

आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांतलं एकही वाक्य त्या वेळी माझ्या मदतीला आलं नाही. वाचनाचा उपयोग किती मर्यादित असतो, हे मला पुलाच्या शेवटी कळलं.

सोडतीच्या दिवशी महादेवरावांच्या पत्नी गोदाबाई स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढत होत्या. नावामागून नाव येत गेलं. एडनाचा हॅन्सेल आला. जनाबियाचं कुणीच आलं नाही. लाईबाही आली नाही. शेवटची चिठ्ठी उलगडून गोदाबाई क्षणभर थांबल्या, कारण त्यांचा स्वतःचा नातूही राहिला होता. महादेवरावांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांचा तिरस्कार करण्याची माझी हक्काची सोय त्यांनी त्या एका कृतीने काढून घेतली, आणि मला त्यांचा आणखीच राग आला.

आम्ही बाहेर आलो. पुन्हा काचांवर वाफ, पुन्हा तीच पायरी.

"एक नियम आहे," नजीब त्या पांढऱ्या आंधळेपणातून म्हणाले. "तुम्हीही ऐकलाय, मीही ऐकलाय. त्याबद्दल आपण बोलायचं नाही."

"का?"

"कारण उद्या माझ्या ताटात भात वाढताना तुमचा हात मध्येच थांबेल. हा माणूस माझ्यासाठी आला होता की जागेसाठी, हा विचार येईल. तुम्ही हुशार आहात, येणारच. मला तो थांबलेला हात बघवणार नाही."

मी रागावले. त्यांचं म्हणणं चुकीचं असतं तर इतकी रागावले नसते. "फार न्यायी आहात," मी म्हटलं.

"अलीकडेच शिकलो. तुमच्या सभेत."

काचा निवळायच्या आत ते पायऱ्या उतरून गेले होते.

ऑक्टोबरात ते लाईबाला दाभोळला घेऊन गेले. त्याच आठवड्यात मी मंडळाच्या बैठकीत ठराव मांडला, शिक्षिकेच्या मुलांची राखीव जागा रद्द करावी. महादेवराव गोंधळले. "पण तुम्हाला तर..." "लागू होण्याचा संभव नाही, ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणूनच माझ्या हातून ते निःस्वार्थ ठरेल." ठराव मंजूर झाला. मला कुणी काही विचारलंच, तर त्या प्रश्नाला शाळेची सावली नसावी, एवढंच हवं होतं. विचारणारा परत आल्याचं कळलं, पण तो बंदरावरच राहिला. माझ्या वर्गात वीस मुलं मराठीत पाणी मागत. संध्याकाळी किल्ल्याची भिंत तिथेच असायची. भाभी विचारी, "आपा, जेवायला वाढू?" आणि मी म्हणायची, "नंतर."

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, जुम्म्यानंतर, नजीब मंडळाच्या पायरीवर उभे होते. हवा थंड आणि कोरडी होती. दोघांचेही चष्मे स्वच्छ... लपायला जागा नव्हती.

"चला. लाईबाला फोन करायचाय. आईच्या घराशेजारच्या बूथवर येऊन थांबते ती दर शुक्रवारी. कशी बोलते ते तुम्ही ऐकायला हवं."

सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, तोंडाशी काचेची टेलिफोन केबिन होती. त्यांनी कार्ड घातलं, नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. आम्ही दोघं आत जेमतेम मावत होतो.

"हॅलो?" तोच आवाज, पण दाभोळचा हेल घेऊन. "बाबा? दादीने मासे भाजले. मांजरीने एक पळवला. तुम्ही कधी येणार?"

मी ऐकत राहिले. आणि मग, इतक्या उशिरा, मला दिसलं की आम्ही दोघांनी किती काटेकोर मूर्खपणा केला होता. वीस जागांसाठी आम्ही भांडलो, न्यायासाठी भांडलो, आणि न्यायाच्याच भीतीने दूर झालो. त्या मुलीला शाळा लागणारच नव्हती. तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी तरी घरात असतं, तर तेवढं पुरलं असतं. ती विसाव्या जागेनंतरची एकविसावी जागा कुणाच्याही ताब्यात नव्हती, त्यासाठी चिठ्ठी नको होती की नियम. मी मागच्या सीटला पाठ करून पुलावरचं पाणी पाहत बसले, आणि मूल समुद्रापार गेलं.

"बाबा, बोला ना."

"मी बाबा नाही, बाळा."

"मग तू कोण?"

मी नजीबकडे पाहिलं. एवढी भाषा शिकले, शिकवली. चार वर्षांच्या मुलीला द्यायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

त्यांनी अलगद रिसीव्हर घेतला. "लाईबा, त्या... तिचं नाव नुसरत. आपली कोण लागते, ते मी तिला आत्ता विचारणार आहे. थांब, फोन ठेवू नकोस." मग तोंडावरून रिसीव्हर बाजूला करून ते म्हणाले, "आता मला तुमच्याकडून काही मिळण्यासारखं राहिलं नाही. मुलगी बोलायला लागली. नियमही रद्द केलात म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"एडनाने. आधी सांगितलं असतं, तर आधी आलो असतो."

"आधी विचारलं असतंत, तर रद्द करावा लागला नसता."

"मग आता विचारू? नुसरत..."

पहिल्यांदा. नुसतं नाव, पुढे मागे काही नाही.

"विचारा," मी म्हटलं. "कार्ड संपत आलंय."

त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. शुद्ध, प्रमाण, एकाक्षरी. त्यांनी रिसीव्हर घाईने कानाला लावला, "लाईबा, ऐक..." आणि त्यांचा चेहरा थांबला. कार्ड संपलं होतं.

"यल्ला, लगेच दुसरं घेऊन येतो! इथेच थांब!" ते सूकमध्ये पळाले, मला पहिल्यांदाच 'तू' म्हणून, हे त्यांच्या लक्षातही न येता.

मी केबिनमध्ये एकटी उरले. दोघांच्या श्वासांनी डिसेंबरातही काचांवर वाफ धरली होती, आणि बाहेरचं मनामा पुन्हा नाहीसं झालं होतं. पलीकडे दाभोळात एक मुलगी उत्तराची वाट पाहत उभी असेल, किंवा कंटाळून मांजरीमागे गेलीही असेल. मुका रिसीव्हर छातीशी धरून मी तिला सांगायचा शब्द हळूच म्हणून पाहिला. एकदा. मग जरा मोठ्याने, पुन्हा एकदा.