पाण्यावरची वळणं

वीज येईपर्यंत सांगते. ती चिमणी जरा इकडे सरकव, आणि मध्ये मध्ये "खरंच काय?" म्हणून विचारू नकोस. मला खोटं बोलायचं असतं तर मी निवडणुकीला उभी राहिले असते.

काम अगदी साधं होतं. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधायचा.

माझ्या कुत्र्याचं नाव धवळा, पण रंग तांबडा. आमच्या सुर्ल्यात खाणींच्या धुळीत पांढरं काही राहत नाही, माझे केससुद्धा नाहीत. माझी लेक क्षमा तुयेला दिलेली, तिथल्या फॅक्टरीत पॅकिंगला जाते. मी एकटी राहते म्हणून तिला घोर. "आई, इकडे ये," म्हणते. मी म्हटलं, जावयाच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस बरी, पाचव्या दिवशी मी कुणाचंच ऐकणार नाही. मग दिवाळीला तिने धवळ्यासाठी पट्टा आणला. पट्ट्याला एक डबी. कुत्रा जिथे जाईल तिथे मोबाईलच्या नकाशावर निळा ठिपका जातो, आणि तो कुठून कुठे गेला त्याची रेघ मागे उरते. धवळा माझी पाठ सोडत नाही, तेव्हा ठिपका दिसला की आई दिसली, असं तिचं गणित. ठिपका तिच्या मोबाईलवर आणि माझ्याही. मी शाळेचं तोंड बघितलं नाही, पण वाण्याच्या पुड्यांवरचे कागद वाचत अक्षर शिकले. मोबाईल त्यापेक्षा सोपा.

पट्ट्याचं प्लास्टिक मात्र लगेच तुटलं. डबी धड होती. शेजारी माझ्या दिराचा मुलगा गौरेश राहतो, खनिजाचा ट्रक चालवतो. तो म्हणाला, "दे गो काकी इकडे, कातड्याचा करतो. जन्मात तुटायचा नाही."

केला. काळं, जुनं, घाम मुरल्यासारखं कातडं. डबी त्यावर घट्ट बसली. पण धवळ्याने तो गळ्यात पडल्यावर मान खाली घातली ती वर केली नाही. मी पोदेराकडचा उंडो मोडून टाकला, त्याचा जीव की प्राण असलेला पाव, तर त्याने हुंगलासुद्धा नाही. अंगणाच्या कडेला कान ताठ करून, खाणीकडे तोंड करून बसला. कुणीतरी हाक मारेल म्हणून बसतात तसा.

दुसऱ्या दिवशी तिनसांजेला तो गेला.

हाका मारून माझा घसा बसला. कुत्रा तर कुत्रा, असं म्हणशील. म्हण. नवरा गेल्यावर या घरात माझ्या पावलांमागे दुसरी पावलं वाजायची ती त्याचीच. आणि आमच्याकडे बिबटा कुत्री उचलतो.

नकाशावर ठिपका चालत होता. जिवंत होता तर! मी गौरेशला उठवलं आणि दोघं बॅटरी घेऊन निघालो. ठिपक्यामागे जात जात खाणीच्या खड्ड्याच्या काठावर आलो आणि थांबलो. पुढे फक्त पाणी. बंद पडलेली खाण, डोंगराएवढी खोल, हिरवं मेलेलं पाणी. ठिपका त्या पाण्याच्या मधोमध होता... आणि चालत होता.

क्षमाचा फोन आला. "आई, तो पाण्यात दिसतोय गो..."

"बुडालेला कुत्रा चालतो काय?"

"नेटवर्क चुकतं काकी," गौरेश म्हणाला. पण आवाज बारीक.

पाण्यावर तरंग नव्हता. बेडूक नव्हता. फक्त वास आला. पाण्याचा नव्हे, नुकत्याच कापलेल्या गवताचा. तिथे आसपास गवताची काडी नाही.

सकाळी ठिपका गावच्या शिवेवर उभा होता, राखणदाराच्या धोंड्यापाशी. तुला ठाऊक नसेल तर सांगते. तो डोळ्यांना दिसत नाही, पण आमची शीव राखतो. तिनसांज झाली की हातात दांडा घेऊन सगळ्या हद्दीवरून फिरतो. वर्षातून एकदा गाव त्याला रोट देतो, विडी देतो आणि कातड्याच्या नव्या वहाणा ठेवतो. पुढच्या वर्षी बघावं तर त्या वहाणांचे तळवे झिजलेले. जुन्या वहाणा तिथेच कुजू द्यायच्या, कुणी हात लावायचा नाही. मी हे मानत होते काय? मी कुणाच्या वाटेला जात नाही, त्यानेही माझ्या जाऊ नये, एवढाच आमचा व्यवहार.

आम्ही धोंड्यापाशी पोचलो. ठिपका अगदी आमच्या पायांखाली. कुत्रा कुठेच नाही. सातवणीच्या झाडाखाली जुन्या वहाणांचा ढीग होता. त्यातल्या वरच्या जोडाचे पट्टे कुणीतरी सुरीने नीट कापून घेतले होते.

मी गौरेशकडे बघितलं. तो झाडाकडे बघत होता.

"बोल."

"काकी... झिजलेल्याच होत्या गो. कोण वापरणार होतं?"

"ज्याच्या आहेत तो! तुझ्या बापाच्या होत्या?"

तो पोरासारखा रडायला लागला, लग्नाला आलेला गडी. रडणाऱ्याला मारता येत नाही, नाहीतर मारलाच असता. मी मोबाईल काढून रात्रीची रेघ बघितली. नीट, बोटांनी मोठी करून.

रेघ पाण्यावर सरळ जात नव्हती. वळणं घेत होती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आता तूच सांग, सपाट पाण्यावर कोण वळणं घेत चालतं? वळणं चढावर लागतात.

मग मला ती वाट ओळखू आली. खाण यायच्या आधी तिथे डोंगर होता. सून म्हणून आले तेव्हापासून मी त्या वाटेने डोकीवर गवताचा भारा घेऊन उतरत होते. त्या वाटेवर डाव्या चवड्यात काटा मोडला, तेव्हापासून मी डावी टाच रेटूनच चालते. रेघ मध्ये एके ठिकाणी थबकली होती. तिथे भारा टेकवायचा कट्टा होता. डोंगर ट्रकांत भरून गेला, बोटीत चढला, परदेशात गेला. पण राखणदाराला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो अजून त्याच डोंगरावरून फिरत होता, आणि त्याचं कातडं गळ्यात असलेला माझा कुत्रा त्याच्या मागून.

गौरेशला डिचोलीच्या बाजारात पिटाळून नव्या वहाणा आणवल्या. तिनसांजेला त्या घेऊन खड्ड्याच्या काठावर उभी राहिले, जिथे पूर्वी वाट खाली उतरायची. गौरेश म्हणाला, "मी येतो." मी म्हटलं, "तू घरात बस आणि तोंड दाखवू नकोस."

उजेड गेला. पाणी काळं झालं. पुन्हा तो गवताचा वास आला... आणि विडीचा.

मग आवाज. ठक. थोडं थांबून... ठक. दगडावर दांडा टेकल्यासारखा. त्याच्यामागे नखांची बारीक टिकटिक. धवळ्याची. मी ती झोपेतही ओळखेन. पण पाण्यावरून येत नव्हती ती. वरून येत होती. माझ्या डोक्याच्या किती तरी वर, मोकळ्या आभाळातून, जिथे एके काळी माथा होता. मग आवाज वळला. खाली आला. पुन्हा वळला.

हातातल्या मोबाईलवर निळा ठिपका माझ्याकडे येत होता. माझ्या समोर आला. थांबला.

ठक.

समोर काही नव्हतं. फक्त अंधार तिथे जरा दाट होता, आणि गरम.

पण जीभ माझी आहे. मी वहाणा खाली ठेवल्या. म्हटलं, "पोराने चूक केली. या नव्या घे. माझा कुत्रा दे."

 विडीचा वास तेवढा जवळ आला.

आणि मला राग आला. भीतीच्या वर राग आला. मी म्हटलं, "मुक्या जनावराला कशाला फरफटवतोस रे? एकटं फिरून कंटाळलास? सोबत हवी तर माणसाला विचार! ज्याला ती वाट ठाऊक आहे त्याला विचार!"

 मग अगदी हळू, समजल्यासारखं... ठक.

माझ्या तळहाताला ओलं नाक लागलं.

धवळ्याला उचलूनच घरी आणला. गळ्यात पट्टा नव्हता. पंजे सोलवटलेले. अंगभर गवताचं बी अडकलं होतं, पांढरं कुसळांचं, जे त्या डोंगराबरोबरच गेलं ते मी परत बघितलं नव्हतं. त्याने चार उंडे खाल्ले आणि झोपला. आजही आहे, तो बघ, खाटेखाली. दार उघडलं तरी बाहेर जात नाही, एवढंच.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण त्या डबीला दर दोन दिवसांनी चार्ज करावं लागायचं. आता तिला कोण चार्ज करतं? ठिपका अजून चालतो. रोज दिवा लावायच्या वेळी क्षमाचा फोन येतो. "आई, ठिपका तुझ्या दारात थांबलाय गो. कोण आलंय?" मी म्हणते कुणी नाही. आणि खरंच कुणी नसतं. परवा तिने वेगळंच विचारलं. "आई, काल मध्यरात्री मी तुला चार वेळा फोन केला. उचलला का नाहीस? होतीस कुठे?"

झोपले होते. दुसरं कुठे असणार?

आता तू तरणी आहेस, वाक आणि दाराशी माझ्या वहाणा आहेत त्या उचल. मागच्या बाजाराला घेतल्या. गुडघे धरलेत म्हणून त्या घालून मी अजून अंगण ओलांडलेलं नाही. उलट्या कर. चिमणीजवळ धर.

बघितलास तळवा?

उजवा थोडाच गेलाय. डाव्याची टाच बघ.