सहा निळे रेनकोट

हसायचं तर खुशाल हसा. हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि थापा मारणं हा त्यांचा पिंड नाही.

गेल्या वर्षीचा जुलै. रविवार, दुपारचे चार. जागा पासली गावाच्या वरच्या अंगाचा धबधबा. त्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तुम्हीच गाड्या काढून हजर व्हाल.

दरडी कोसळतात, पाणी बघता बघता वाढतं, म्हणून तो बंद केलाय. वाटेवर दोरी आहे, फलक आहे. त्या दोरीपाशी गावानं कुंडलिकमामांना बसवलं.

मामांना या हौशा-नवशांचा मनस्वी तिटकारा. फलक वाचायचा, त्याच्याशेजारी फोटो काढायचा, आणि दोरीखालून वाकून पलीकडे जायचं. वर म्हणे शिकलेली माणसं.

त्या दिवशी भोरची सहा पोरं आली. सगळ्यांच्या अंगात खालच्या टपरीवरून घेतलेले एकसारखे निळे रेनकोट. टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या.

"काका, एक रील काढून लगेच येतो."

"दरड पडतीया वर. कळत न्हाई व्हय?"

"काही होत नाही हो."

"जावा मग. मरा तिकडं."

मामांचा जन्म शेरडं राखण्यात गेलेला. डोंगराला जाताना मोजायची, परतताना मोजायची. तोंडं कोण बघत बसतो?

सहा गेली. मामांनी मोजली.

मग धुकं उतरलं. आणि...

धबधब्याचा आवाज थांबला.

दहा-बारा श्वासांपुरताच. पुन्हा सुरू झाला. मामा तंबाखू मळत बसले.

पाऊण तासानं पोरं खिदळत खाली आली. मामांनी मानही वर केली नाही. नुसत्या रेनकोटांच्या कडा मोजल्या. एक, दोन... पाच.

जरा मागं सहावा. तो हसत नव्हता.

आणि भर पावसात...

त्याचा रेनकोट कोरडा होता.

मामांना ते दिसलं. पण असल्यांसाठी डोकं कोण शिणवणार? आकडा जुळला, विषय संपला.

खाली दोन गाड्या होत्या. या गाडीतल्यांना वाटलं त्यांच्यातला शौनक त्या गाडीत, त्या गाडीतल्यांना वाटलं या गाडीत. नसरापूरला चहाला उतरल्यावर कळलं, तो कुठंच नाही.

"आमच्या मागूनच उतरला," पोरं शपथेवर सांगत होती. "पावलं ऐकू येत होती."

दिवेलागणीनंतर त्याची आई, लताबाई, मामांपुढं येऊन उभी राहिली.

"माझा मुलगा खाली आला का हो?"

"सहा गेले, सहा आले, बाई. म्या सोता मोजलेत."

त्या एका वाक्यावर सगळी शोधाशोध खालीच झाली. ओढा, भातखाचरं, धरणाकडची वाट. वर कुणी गेलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सावळाराम गुराख्याला तो धबधब्याच्या कपारीत सापडला. पाय मोडलेला. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळपर्यंत जिवंत होता. हाका मारत असणार. त्या पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

आता मामांना तिटकारा आहे तो स्वतःचा. येईल त्याला टोपी काढायला लावतात, तोंड निरखतात आणि माघारी हाकलतात. यंदाच्या पावसाळ्यात दर रविवारी लताबाई दोरीपाशी येऊन बसतात. मामांशी चकार शब्द बोलत नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

गेल्या रविवारी एवढा पाऊस होता की कुणी फिरकलं नाही. वर एकही माणूस नव्हता.

चार वाजता...

आवाज थांबला.

धुक्यातून एक निळा रेनकोट उतरत आला. दोरीपाशी थांबला. कोरडा.

लताबाई उठल्या. चष्म्यावर पाणी साचलेलं, त्यांना धड दिसत नव्हतं.

"कोण आलंय हो?" वर्षात पहिल्यांदा त्या मामांशी बोलल्या. "तोंड बघून सांगा."

मामांनी मान खाली घातली.

"कुनी न्हाई, बाई."

मी मामांना विचारलं, टोपीखाली होतं कोण?

"म्या बघितलंच न्हाई," मामा म्हणाले. "ह्या खेपंलाबी."

त्या दिवसापासून मामांच्या अंगात ताप आहे. येत्या रविवारी दोरीपाशी बसायला गावानं मला सांगितलंय.

लताबाई येणारच आहेत.